‘भाऊ, फाइल उघडी नही ऱ्हायनी’ : एडिटिंगला बसण्याआधी फुटेजचं काय करायचं

लगीनसराई सुरू झाली की रात्री दहानंतर मला येणारे फोन साधारण एकाच जातीचे असतात. चोपड्याकडचा, पारोळ्याकडचा, शिरपूरकडचा कोणीतरी नवा पोरगा. नुकताच कॅमेरा घेतलेला, पहिल्या-दुसऱ्या लग्नाचं फुटेज लॅपटॉपवर टाकून बसलेला. एक म्हणतो, “भाऊ, फाइल उघडी नही ऱ्हायनी.” दुसरा म्हणतो, “उघडनी, पन अडकी अडकी चालस.” तिसऱ्याचा आवाज रडवेला असतो, कारण उद्या डिलिव्हरी असते : “भाऊ, आवाज मांगे पडी गया.”

या तिघांनाही कोणीतरी एकच औषध सांगितलेलं असतं. कुठलासा फुकटचा कन्व्हर्टर उतरव आणि सगळं एमपीफोर करून टाक. मी आधी त्यांचा हात धरतो. ही तीन दुखणी वेगळी आहेत. पहिल्याला बहुतेक वेळा नुसता डबा, म्हणजे फाइलचं बाहेरचं वेष्टण, बदलून भागतं, दुसऱ्याला प्रॉक्सी, म्हणजे कामापुरती हलकी नक्कल, लागते आणि खरं कन्व्हर्जन लागतं ते प्रामुख्याने तिसऱ्याला. फुटेज जितक्या वेळा नव्याने एन्कोड कराल, म्हणजे पुन्हा दाबून लिहाल, तितक्या वेळा त्यातून काहीतरी गळतं. गळलेलं परत येत नाही.

हे मी शहाणपणाने सांगतोय असं समजू नका. धंद्यातल्या माझ्या पहिल्याच हंगामात मी एका अख्ख्या लग्नाचं फुटेज अशाच एका फुकट कन्व्हर्टरमधून काढलं, फाइली छोट्या झाल्या म्हणून खूश झालो आणि कार्ड फॉरमॅट करून दुसऱ्या दिवशीच्या हळदीला घेऊन गेलो. एडिटिंगला बसलो तेव्हा नवरीच्या शालूच्या जरीचे चौकोन चौकोन झालेले. मूळ फुटेज गेलेलं. त्या घरातल्या लोकांना मोठ्या टीव्हीवर अल्बम दाखवताना मी पाणी प्यायला बाहेर गेलो होतो, एवढंच सांगतो.

आधी कार्ड उतरवा, तेही नीट

खांद्यावरच्या जुन्या कॅमेऱ्याचं कार्ड उघडलं की आत ‘प्रायव्हेट’, त्यात ‘एव्हीसीएचडी’, त्यात ‘बीडीएमव्ही’, त्यात ‘स्ट्रीम’ अशी फोल्डरांची उतरंड दिसते आणि तळाशी डॉट एमटीएसच्या फाइली. नवीन पोरं तळातल्या फाइली तेवढ्या उचलतात. तसं करू नका, अख्खं फोल्डर जसंच्या तसं हार्ड डिस्कवर घ्या. कारण असं की हे कार्ड बहुधा फॅट३२ या फाइली मांडण्याच्या जुन्या पद्धतीचं असतं आणि फॅट३२ मध्ये एक फाइल ४ जीबीपेक्षा मोठी होऊच शकत नाही. म्हणून तासभराचं सलग शूटिंग कॅमेरा तुकड्यांत कापून ठेवतो. ते तुकडे एकमेकांना कसे जोडायचे याची नोंद बाजूच्या फोल्डरात असते. एडियस आणि प्रीमियर ही एडिटिंगची सॉफ्टवेअरं अख्खं फोल्डर दिलं की ती नोंद वाचून सलग क्लिप देतात. नुसत्या एमटीएस उचलल्या तर सांध्यावर आवाजाचा बारीकसा गचका बसतो, आणि तो नेमका मंगलाष्टकांच्या मधोमध येतो.

कार्ड दोन ठिकाणी उतरेपर्यंत फॉरमॅट करायचं नाही. का, ते वर सांगितलंच.

डबा वेगळा, भाजी वेगळी

स्टीलच्या डब्यात भरीत आहे की शेवभाजी, हे झाकण पाहून कळत नाही. फाइलच्या नावाच्या शेवटी जे असतं, एमपीफोर, एमओव्ही, एमकेव्ही, एमटीएस, एव्हीआय, तो फक्त डबा आहे. त्याला कंटेनर म्हणतात. आतली भाजी म्हणजे कोडेक, चित्र दाबून साठवायची पद्धत : एच.२६४, एच.२६५ ऊर्फ एचईव्हीसी, प्रोरेस, डीएनएक्सएचआर वगैरे. एकाच एमपीफोर डब्यात एच.२६४ असू शकतं आणि एच.२६५ सुद्धा. म्हणून “माझी फाइल एमपीफोर आहे तरी उघडत का नाही” या प्रश्नाला मी उलट विचारतो, आत काय आहे?

आणि हो, “व्हीएलसीमध्ये तर चालते” हा पुरावा नाही. व्हीएलसी आपले कोडेक स्वतःच बरोबर घेऊन फिरतो, त्यामुळे तो काहीही चालवतो. एडिटिंगचं सॉफ्टवेअर तेवढं उदार नसतं.

आत काय आहे ते पाहायला मीडियाइन्फो नावाचं छोटं मोफत सॉफ्टवेअर घ्या. फाइल त्यात ओढून टाकायची, ‘व्ह्यू’ मेनूतून ‘ट्री’ किंवा ‘टेक्स्ट’ निवडायचं. भली मोठी यादी येते, घाबरू नका. मी फक्त सहा गोष्टी वाचतो : व्हिडिओचा फॉरमॅट (एव्हीसी म्हणजे एच.२६४, एचईव्हीसी म्हणजे एच.२६५), फ्रेमरेट मोड (कॉन्स्टंट की व्हेरिएबल), फ्रेमरेट (सेकंदाला किती चित्रं), स्कॅन टाइप (प्रोग्रेसिव्ह की इंटरलेस्ड), क्रोमा सबसॅम्पलिंगसह बिट डेप्थ (४:२:०, ४:२:२, ८-बिट, १०-बिट असे आकडे, रंगाची माहिती किती ठेवलीय ते सांगतात) आणि ऑडिओचा फॉरमॅट. प्रत्येक कॅमेऱ्याची एक एक फाइल बघितली तरी पुरतं, सगळ्या बघायची गरज नाही. दहा मिनिटांचं काम आहे आणि पुढचे दोन दिवस वाचतात.

चार तऱ्हेचं फुटेज

अमळनेर तालुक्यातलं एखादं साधं लग्न धरा. आजकाल एका लग्नात फुटेज चार ठिकाणहून येतं. स्टेजसमोर खांद्यावरचा कॅमेरा : एमटीएस, एच.२६४, १०८० इंटरलेस्ड, २५ फ्रेम. हातात मिररलेस : ४के, एच.२६५, १०-बिट ४:२:२. वर ड्रोन : एमपीफोर. आणि नवरदेवाच्या मामाच्या पोराने फोनवर काढलेली वरात, जी घरच्यांना सगळ्यात जास्त आवडलेली असते आणि “ती टाकाच” असा निरोप असतो.

यातला ड्रोन बहुतेक वेळा काही मागत नाही. एच.२६४ असेल तर सरळ टाइमलाइनवर, म्हणजे क्लिप मांडायच्या पट्टीवर, घ्या. बाकी तिघांकडे एकेक करून बघू.

एमटीएसचं म्हणाल तर एडियसला ते पचतं, प्रीमियरलाही. आपल्याकडच्या लग्नवाल्यांत एडियस मुरलेलं आहे त्याचं एक कारण हेच. एखाद्या सॉफ्टवेअरने एमटीएस घेतलं नाही, तर कन्व्हर्ट न करता फक्त डबा बदला. याला रीरॅप म्हणतात. शटर एन्कोडर हे मोफत सॉफ्टवेअर उघडा, फाइली डावीकडच्या यादीत टाका, ‘चूज फंक्शन’मध्ये ‘रीरॅप’ निवडा, डबा म्हणून एमओव्ही किंवा एमपीफोर द्या, ‘स्टार्ट फंक्शन’ दाबा. चित्राचा एकही ठिपका बदलत नाही, भाजी एका डब्यातून दुसऱ्यात ओतल्यासारखं. तासाभराची क्लिप डिस्क जितक्या वेगाने लिहील तितक्या वेळात होते. त्याच कामाला जर अर्धा तास लागला तर समजा, तुम्ही चुकून रीरॅपऐवजी एन्कोड निवडलंय.

स्क्रीन रेकॉर्डिंगवाल्यांना हाच उपाय लागतो. ओबीएस या स्क्रीन रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये रेकॉर्ड केलेली एमकेव्ही प्रीमियरच्या बऱ्याच आवृत्त्या घेत नाहीत. ओबीएसच्याच ‘फाइल’ मेनूत ‘रीमक्स रेकॉर्डिंग्स’ आहे, तिथून एमपीफोर करून घ्या. मग ओबीएस इतकी वर्षं एमकेव्हीच्या मागे का लागलं? कारण साध्या एमपीफोरचा हिशेब, कुठली फ्रेम कुठे आहे ही यादी, बहुधा फाइल बंद होताना शेवटी लिहिली जाते. मधेच लाइट गेली तर यादीच लिहिली जात नाही आणि दोन तासांची फाइल दगड होते. एमकेव्ही जिथवर लिहिली तिथवर चालते. आपल्याकडे लाइट कशी असते ते तुम्हाला मी काय सांगू.

इंटरलेस्डचा एक पेच मात्र आहे. त्यात प्रत्येक फ्रेम दोन अर्ध्या फ्रेमांची असते, एकीत विषम ओळी, दुसरीत सम. जुन्या टीव्हीसाठी ठीक होतं. फोनच्या पडद्यावर मात्र नाचणाऱ्या माणसाच्या हाताला कंगव्याच्या दातांसारख्या रेघा दिसतात. डीव्हीडी आता फारसं कोणी मागत नाही, सगळं यूट्यूब आणि पेनड्राइव्हवर जातं, म्हणून कुठेतरी एकदा डीइंटरलेस, म्हणजे अर्ध्या फ्रेमांच्या पूर्ण फ्रेमा, करावंच लागतं. ते एडिटिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये एक्सपोर्टच्या वेळी होत असेल तर तिथेच करा. दोनदा केलंत तर चित्र मऊ पडतं.

मिररलेसचं फुटेज : अडकतं का आणि काय करायचं

कॅमेऱ्यातलं एच.२६४ किंवा एच.२६५ साठवायला काटकसरी असतं. पूर्ण चित्र क्वचित एखाद्या फ्रेममध्ये असतं, मधल्या फ्रेमांत फक्त “मागच्यापेक्षा काय बदललं” एवढीच नोंद. तुम्ही टाइमलाइनवर कुठेतरी मध्ये क्लिक केलं की कॉम्प्युटरला मागच्या पूर्ण फ्रेमपर्यंत जाऊन तिथून हिशेब जोडत यावं लागतं. उलटं चालवून बघा, घाम फुटतो बिचाऱ्याला. प्रोरेस आणि डीएनएक्सएचआर मध्ये प्रत्येक फ्रेम स्वतःपुरती पूर्ण असते. फाइल मोठी होते पण कापायला लोणी.

त्यात १०-बिट ४:२:२ ही वेगळीच अडचण. साध्या ८-बिट ४:२:० साठी इंटेलच्या प्रोसेसरमध्ये व्हिडिओ उलगडायची वेगळी सोय वर्षानुवर्षं आहे. ४:२:२ एच.२६५ साठी ती सोय बऱ्याच उशिरा, डेस्कटॉपवर अकराव्या पिढीपासून आली. सेकंड हँड आठव्या पिढीचा लॅपटॉप घेतलेल्याला मी म्हणतो, तुझ्या हातात दोष नाही. दा विंची रिझॉल्व्ह या एडिटिंग सॉफ्टवेअरची मोफत आवृत्ती विंडोजवर अशी १०-बिट क्लिप अनेकदा दाखवतच नाही, नुसता आवाज येतो. लिनक्सवर तर मोफत आवृत्ती साधं एच.२६४ सुद्धा घेत नाही.

फाइल उघडत असेल आणि फक्त अडकत असेल, तर कन्व्हर्ट न करता प्रॉक्सी करा. प्रॉक्सी म्हणजे मूळ क्लिपची हलकी नक्कल. कापाकापी नकलेवर करायची, एक्सपोर्टच्या वेळी सॉफ्टवेअर आपोआप मूळ क्लिप वापरतं. प्रीमियरमध्ये क्लिप निवडा, राइट क्लिक, ‘प्रॉक्सी’, मग ‘क्रिएट प्रॉक्सीज’, आणि प्रीव्ह्यूखाली ‘टॉगल प्रॉक्सीज’चं बटण आणून ठेवा. रिझॉल्व्हमध्ये राइट क्लिक करून ‘जनरेट प्रॉक्सी मीडिया’. तिथे प्रोजेक्ट सेटिंगमध्ये अर्धं किंवा पाव रिझोल्यूशन निवडता येतं, मी पाव निवडतो, ४के असेल तर ते पुरतं. रंग बघायचे तेव्हा प्रॉक्सी बंद करा, नाहीतर नक्कल बघून ग्रेडिंग, म्हणजे रंगांची जुळवाजुळव, कराल.

उघडतच नसेल तेव्हा मात्र बाहेरून बदलून घ्यावं लागतं. पुन्हा शटर एन्कोडर, या वेळी ‘डीएनएक्सएचआर’ किंवा ‘ॲपल प्रोरेस’. डीएनएक्सएचआर मध्ये एलबी, एसक्यू, एचक्यू, एचक्यूएक्स असे दर्जे आहेत. पहिले तीन ८-बिटचे. १०-बिट फुटेज असेल तर एचक्यूएक्सच घ्या, नाहीतर ज्यासाठी १०-बिट शूट केलं तेच फेकून दिल्यासारखं. प्रोरेसचे सगळे दर्जे १०-बिट चालतात. लग्नाला ‘४२२’ भरपूर झालं, ‘४२२ एचक्यू’ मला तरी पैसे जाळण्यासारखं वाटतं.

जागेचा हिशेब आधी करा. १०८० मध्ये २५ फ्रेमला प्रोरेस ४२२ सेकंदाला १२२ मेगाबिट घेतं, म्हणजे तासाला ५५ जीबी. ‘एलटी’ ८५ मेगाबिट, तासाला ३८ जीबी. ‘एचक्यू’ १८४ मेगाबिट, तासाला ८३ जीबी. तेच ४के केलं तर ४२२ ला तासाला सुमारे २२० जीबी. हळद, वरात, लग्न, बिदाई मिळून सहा तासांचं फुटेज असेल तर ४के मध्ये १ टीबीची डिस्क निकालात. म्हणून शेवटचा व्हिडिओ १०८० मध्येच द्यायचा असेल तर मी ४के वरून सरळ १०८० प्रोरेस करून घेतो. तोटा एकच, नंतर झूम करून फ्रेम बदलायची मुभा जाते. ज्या दोन-चार क्लिपमध्ये ती लागणार, त्या ४के ठेवायच्या.

एक गैरसमज इथेच काढून टाकतो. प्रोरेस केल्याने चित्र सुधारत नाही. पाणी मोठ्या घागरीत ओतलं म्हणून वाढतं का? फायदा फक्त काम करताना होतो.

आणि फोनचं फुटेज, जिथे खरी माती होते

आवाज मागे पडण्याचं मूळ इथे आहे, म्हणून जरा सावकाश.

कॅमेरा २५ म्हणाला की सेकंदाला २५ फ्रेमच देतो. फोन ३० म्हणतो, पण अंधार पडला, फोन तापला, प्रोसेसर दमला की फ्रेम कमी-जास्त करतो आणि प्रत्येक फ्रेमवर तिची वेळ लिहून ठेवतो. याला व्हेरिएबल फ्रेमरेट म्हणतात. एखाद्या रात्रीच्या मिरवणुकीतलं, थोडे दिवे आणि आजूबाजूला अंधार असं फोनचं रेकॉर्डिंग मीडियाइन्फोत टाकून बघा, सगळ्यात कमी आणि सगळ्यात जास्त फ्रेमरेटमध्ये केवढं अंतर असतं ते दिसेल. फोनवर चालवताना फ्रेमवर लिहिलेल्या वेळेप्रमाणे चालतं, म्हणून गडबड कळत नाही. काही एडिटिंग सॉफ्टवेअर मात्र ती वेळ न बघता सरळ ३० च्या हिशेबाने फ्रेम मांडतं. आवाज आपल्या गतीने चाललेला असतो.

गणित करून बघा. चाळीस मिनिटांची क्लिप, सरासरी २९.९५ फ्रेम. एकूण फ्रेम झाल्या ७१,८८०. त्या ३० च्या हिशेबाने मांडल्या तर चित्र ३९ मिनिटं ५६ सेकंदांत संपतं. आवाज चाळीस मिनिटांचा. सुरुवातीला सगळं जुळलेलं दिसतं, आणि शेवटच्या ‘शुभमंगल सावधान’ला अक्षता चार सेकंद आधी पडतात. एडिटर नवखा असेल तर तो आवाज चार सेकंद सरकवतो, मग सुरुवात बिघडते. दिवसभर तो आवाज पुढे-मागे सरकवत बसतो.

उपाय : अशी क्लिप टाइमलाइनवर घेण्याआधी कॉन्स्टंट फ्रेमरेटवर आणायची. हँडब्रेक हे मोफत सॉफ्टवेअर यासाठी मला सगळ्यात सोपं वाटतं. फाइल उघडा. प्रीसेटमध्ये ‘प्रॉडक्शन’ गटातलं ‘प्रॉडक्शन स्टँडर्ड’ निवडा, ते एडिटिंगसाठीच बनवलेलं आहे, त्यात पूर्ण फ्रेम जवळ जवळ असतात. मग ‘डायमेन्शन्स’मध्ये जाऊन क्रॉपिंग ‘नन’ करा, नाहीतर रात्रीच्या काळ्या कडा बघून हँडब्रेक स्वतःच्या मनाने चित्राची काठ कापतं. ‘व्हिडिओ’मध्ये ‘कॉन्स्टंट फ्रेमरेट’ला टिक आहे ना ते डोळ्यांनी बघा. फ्रेमरेटच्या खान्यात ‘सेम ॲज सोर्स’ न ठेवता ३० निवडा. दर्जाची पट्टी आरएफ नावाची असते आणि ती उलटी चालते, आकडा लहान तितकं चित्र चांगलं. १६ ते १८ च्या आसपास ठेवा. आवाज एएसी, ४८ किलोहर्ट्झ. ‘स्टार्ट एन्कोड’.

खूप क्लिप असतील तर ‘ॲड टू क्यू’ करत जा आणि झोपायच्या आधी रांग सुरू करा. पण मेमध्ये जपून. जळगाव-भुसावळकडे पारा ४४-४५ वर गेला की बंद खोलीतला लॅपटॉप तापून आपणहून वेग कमी करतो, दोन तासांचं काम पाच तास चालतं. मी लॅपटॉपखाली दोन विटा ठेवतो आणि कुलरचं तोंड वळवतो, फक्त पाण्याचा फवारा त्याच्यावर येणार नाही एवढं बघतो. आणि यूपीएस असलाच पाहिजे. अर्ध्यात लाइट गेली की वर सांगितलेला एमपीफोरचा दगड होतोच. म्हणून चाळीस क्लिप एका दमात लावण्याऐवजी दहा-दहा लावा, गेलं तर थोडं जाईल.

३० चं २५ करायचं का? नवीन पोरं हमखास विचारतात. आधीच करू नका. कॉन्स्टंट ३० करून थांबा, २५ च्या टाइमलाइनवर टाका, सॉफ्टवेअर काय करायचं ते करेल. चालताना थोडा झटका दिसतो, तो वरातीच्या नाचात कोणाला कळत नाही. खरा उपाय शूटिंगच्या वेळी आहे : आयफोनमध्ये ‘रेकॉर्ड व्हिडिओ’च्या सेटिंगमध्ये ‘शो पाल फॉरमॅट्स’ सुरू केलं की २५ फ्रेमचा पर्याय येतो. आपल्या विजेची वारंवारता ५० हर्ट्झ असल्याने ट्यूबलाइटखाली २५ किंवा ५० ला पट्टेही कमी फिरतात. रिझॉल्व्हमध्ये टाइमलाइनचा फ्रेमरेट मात्र सुरुवातीलाच पक्का करा, क्लिप आल्यावर तो बदलू देत नाही.

आयफोनवाल्यांसाठी अजून दोन गोष्टी. ‘कॅमेरा’, ‘फॉरमॅट्स’मध्ये ‘मोस्ट कंपॅटिबल’ निवडलं की फोन जिथे जमेल तिथे एच.२६४ वर रेकॉर्ड करतो. आणि एचडीआर व्हिडिओ, म्हणजे उजेड-अंधाराचा जास्त पल्ला पकडणारा प्रकार, बंद ठेवायला सांगा. बारा नंबरपासून पुढचे आयफोन एचडीआर मध्ये काढतात, ते साध्या टाइमलाइनवर आलं की नवरीचा चेहरा चुना लावल्यासारखा पांढरा होतो. तुमच्या रंगाच्या हातात दोष नसतो तेव्हा. आलंच असं फुटेज, तर बाहेर कन्व्हर्ट करायच्या नादी न लागता सॉफ्टवेअरच्या कलर मॅनेजमेंटमध्येच सोडवा. प्रीमियरच्या नव्या आवृत्त्यांत अशा क्लिपचा टोन आपोआप जुळवण्याची सोय आहे.

मामाच्या पोराने क्लिप व्हॉट्सअॅपवर व्हिडिओ म्हणून पाठवली असेल तर वरचं सगळं विसरा. ती आधीच पिळून निघालेली आहे, कुठलाही कन्व्हर्टर तिच्यात जीव घालू शकत नाही. त्याला सांगा, “दादा, डॉक्युमेंट म्हणून पाठव.” डॉक्युमेंट २ जीबीपर्यंत जातं आणि जसं आहे तसं येतं. त्याहून मोठं असेल तर चहाचं निमित्त काढून त्याच्या घरी जा आणि केबल लावा. माणूस जवळचा होतो, पुढचं लग्नही मिळतं.

घरातल्या जुन्या कॅसेटी

अधूनमधून कोणीतरी मिनीडीव्हीची कॅसेट घेऊन येतं, वडिलांच्या साठीची किंवा पंचवीस वर्षांपूर्वीच्या लग्नाची. ती फायरवायरच्या केबलने चालत्या कॅमेऱ्यातून उतरवायची असते, आणि नव्या लॅपटॉपला ते भोक नसतं. धुळ्यात-जळगावात जुने स्टुडिओवाले एखादा जुना डेस्कटॉप त्यासाठीच जपून ठेवतात, त्यांच्याकडून उतरवून घ्या आणि डीव्हीच्या मूळ फाइली मागा, डीव्हीडी नको. तासाला साधारण १३ जीबी होतात. चित्र ७२० बाय ५७६, इंटरलेस्ड, आणि डीव्हीत खालची अर्धी फ्रेम आधी येते, एचडीच्या उलट. डीइंटरलेस करताना हा क्रम चुकला तर चालणारा माणूस पुढे-मागे थरथरतो. मूळ फाइल तशीच ठेवा, डीइंटरलेस केलेली प्रत वेगळी करा, आणि आधीच ओढून १०८० करू नका. ओढायचंच तर शेवटी, टाइमलाइनवर.

झालं की तपासा

कन्व्हर्ट केलेली फाइल मूळ नावानेच ठेवा पण वेगळ्या फोल्डरात. ‘फायनल’, ‘फायनल नवीन’, ‘फायनल नवीन खरं’ अशी नावं दिलीत तर महिन्याने तुम्हालाच कळणार नाही. मग तीन ठिकाणी बघायचं. मूळ आणि नव्या फाइलची लांबी सेकंदाला सेकंद जुळते का. आवाज दोन्ही बाजूंनी येतो का, की कॅमेऱ्याच्या माइकचा एकच कान राहिला. आणि शेवटचं मिनिट : संबळवाल्याची काठी पडते आणि ठोका येतो ते एकत्र होतंय का. सुरुवात बघून समाधान मानू नका, खोट नेहमी शेवटाला दिसते.

देताना

यूट्यूबला द्यायचं तर एमपीफोर, एच.२६४, आवाज एएसी ४८ किलोहर्ट्झ. १०८० ला यूट्यूबची स्वतःची शिफारस साध्या फ्रेमरेटला ८ मेगाबिटची आहे, ५०-६० फ्रेमला १२ ची. मी थोडं वर, १५ च्या आसपास देतो. यूट्यूब पुन्हा पिळतंच, पिळायला थोडा रस ठेवलेला बरा. अहिराणी गाण्यांचं काम करणाऱ्यांनी टाइमलाइन २५ ला असेल तर एक्सपोर्टही २५ ला करावा, उगाच ६० लावून गाणं गुळगुळीत होत नाही.

पेनड्राइव्हवर द्यायचं तर आधी विचारा, टीव्ही केवढा जुना आहे. पेनड्राइव्ह फॅट३२ असेल तर ४ जीबीच्या वरची फाइल कॉपीच होणार नाही, जागा रिकामी असली तरी “फाइल फार मोठी आहे” असं सांगेल. एक्सफॅट या नव्या पद्धतीची केली तर कॉपी होते, पण गावाकडचे बरेच जुने टीव्ही एक्सफॅट वाचत नाहीत. अशा घरी मी फॅट३२ च ठेवतो आणि व्हिडिओचे तुकडे करून देतो : हळद एक, वरात एक, लग्न एक. तसंही आजी फक्त हळदच पुन्हा पुन्हा लावतात.